शाहीर नाईकवाडे आणि मागचं दार

नाईकवाडे कुठल्याही खोलीत शिरला की आधी दुसरं दार शोधायचा, मग बसायचा. संचालक मंडळाची सभा असो, कुणाच्या मुलीची बोलणी असोत, नाहीतर कारखान्याचा दवाखाना. नजर एकदा चारी भिंतींवरून फिरायची आणि तो मागच्या दाराजवळची जागा धरायचा. माझ्या काटाघराला एकच दार होतं. तिथे तो आत येतच नसे, उंबऱ्यावर बसून चहा प्यायचा. ही चोराची लक्षणं, असं मी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं.

संशय हा माझा धंदाच होता. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणाऱ्याला अख्खा तालुका चोर समजतो. तेलगावकडचे शेतकरी उसाचा ट्रॅक्टर आधी बाहेरच्या काट्यावर तोलून आणायचे आणि मग आमचा आकडा असा वाचायचे, जणू मी तो रात्री घरी बसून रचला आहे. बारा वर्षं लोकांनी असं पाहिलं की आपलीही नजर तशीच होते.

नाईकवाडे हा कागदोपत्री टाइम ऑफिसातला हजेरी कारकून. प्रत्यक्षात कंपाउंडर रजेवर गेला की पट्ट्या बांधायचा, भजनात पेटी वाजवायचा, कॉलनीचा पंप हवा धरून बसला तर सोडवायचा, ऊसतोड टोळीचा मुकादम चिडला की त्याला बिडी देऊन बाजूला न्यायचा. चेअरमनसाहेबांची भाषणंही तोच लिहायचा. एका निवडणुकीत तर दोन्ही पॅनेलची भाषणं त्यानेच लिहिली. मी खिंडीत गाठून विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "दोन्हीकडं खरंच लिवलं, भाऊ. दोघंबी एकमेकांबद्दल खरंच बोलत हुते."

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. ऊस नाही, त्यामुळे गाळप नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दूर पश्चिमेला गेल्या, धुराडं थंड पडलं आणि गाड्या उभ्या राहायच्या त्या मैदानात जनावरांची छावणी पडली. चेअरमनसाहेबांनी फेटा बांधून तिचं उद्घाटन केलं. भाषण चालू असताना एका बैलाने स्टेजच्या कडेचा हार ओढून खाल्ला. त्या दिवशी छावणीत पोटभर जेवलेलं जनावर बहुधा तेवढंच.

आम्ही रिकामे होतो. लॅबमधला केमिस्ट जोशी पुण्याच्या हॉस्टेलवरून एक खेळ शिकून आला होता. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. जोशी गोष्ट सांगणार, वाटेत भुयारं आणि राक्षस येणार, आपण काय करतो ते सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे नशिबाने ठरणार. फासे नव्हते, म्हणून नाईकवाडेने हजेरीचे जुने पितळी बिल्ले आणले. एक ते वीस आकड्यांचे बिल्ले पिशवीत घालायचे आणि एक ओढायचा. जितका मोठा आकडा तितकं काम फत्ते. दुपारी लॅबच्या फरशीच्या टेबलावर आमचा डाव बसायचा. मी योद्धा झालो. खाजाभाई फिटर मांत्रिक. नाईकवाडेने शाहीर घेतला.

मी तेव्हाच हरकत घेतली. शाहिराला थोडी तलवार येते, चार मंत्र येतात, कुलूप उघडता येतं, जखम बांधता येते आणि शत्रूशी गोड बोलता येतं. ऐकायला झकास. पण तलवारीत तो माझ्या निम्मा, मंत्रात खाजाभाईच्या पाव, आणि अंगावर चिलखत नसल्याने दुसऱ्याच घावात आडवा. त्याचं खरं अस्त्र म्हणजे गाणं. तो गायला की सोबत्याला दोन बिल्ले ओढून मोठा ठेवता येई. गंमत अशी की हे गाणं त्याला स्वतःला लागू पडत नसे.

"मग फायदा काय बे तुझा तुला?" खाजाभाईने विचारलं.

"तुमी जित्ते राहता ना. एकटं भुयारात फिरून काय करू?"

खरं सांगायचं तर त्याच्या गाण्यावर मी दोन राक्षस मारले होते. पण श्रेय बिल्ला ओढणाऱ्याकडे जातं, आणि ओढणारा मी होतो. महिनाभर मी तेच ऐकवत राहिलो: याला सगळं येतं, पण याच्यावाचून अडेल असं एकही काम नाही. तो हसायचा आणि वहीत आमचे नकाशे काढायचा. भुयारात शिरलो की पहिला प्रश्न त्याचाच: "मागचं दार कुटंय?"

त्यातच बातमी फुटली की काही जणांना बिनपगारी रजेवर पाठवणार. रजा म्हणजे कॉलनीतली खोली जाणार आणि बहुतेक नोकरीही. माझ्या दोन मुली त्या वर्षी अंबाजोगाईला शिकत होत्या आणि मला वजन वाचण्याशिवाय काहीच येत नव्हतं. त्याच आठवड्यात नाईकवाडे रोज संध्याकाळी चेअरमनच्या बंगल्यावर जाऊ लागला. भाषण लिहायला, असं म्हणायचा. इतक्या दुष्काळात इतकी भाषणं कुणाला लागतात? यादी तोच लिहितोय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

एका सकाळी मी छावणीचा चारा तोलत होतो, तेव्हा लेबर ऑफिसर काट्यावर आले. काटा किंवा टाइम ऑफिस, दोन्हींतून एक नाव द्यायचं आहे, म्हणाले. नाईकवाडे माणूस कसा, असंही सहज विचारलं. माझं उत्तर तोंडपाठ होतं.

"सगळं येतं त्याला, साहेब. पण त्याच्यावाचून अडेल असं एकही काम नाही."

त्यांनी मान डोलावली. सोमवारी यादी लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं.

दुपारी नाईकवाडे काटाघराशी आला. बिल्ल्यांची पिशवी मला देऊन नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर बसला. घाटनांदूरला मेव्हण्याच्या दुकानात बसणार, म्हणाला. 

"बंगल्यावर तुमच्याबद्दल इचारलं हुतं," तो म्हणाला. "म्हनलं, ह्यो मानूस संशयी हाय म्हनून तर काटा सरळ हाय. दुसरा बसवाल तर शेतकरी काटा उपटून नेतील." मग माझ्याकडे वळला. "माज्याबद्दल इचारलं तवा तुमी काय म्हनलात, भाऊ?"

मी चाऱ्याच्या पावत्या सारख्या करू लागलो. दारात तो बसलेला आणि दुसरं दार नाही. त्याला ते कळलं असावं. तो उठला, उंबरा ओलांडून आत आला, पार भिंतीशी जाऊन पोत्यावर बसला. मी आणि दार यांच्यामध्ये आता कुणी नव्हतं.

"मागं दार असलं की मानूस खरं बोलतो," तो म्हणाला. "आता बोला."

मी बोललो. शब्द न् शब्द सांगितला.

"लई खरं बोललात," तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही, मी पुष्कळदा तोलून पाहिलं आहे. बंगल्यावर तो माझ्याबद्दल तसं खरोखर बोलला होता की जाताजाता माझ्या गळ्यात हे ओझं अडकवून गेला, हेही मला ठरवता आलेलं नाही. बिल्ले मात्र मी मोजले. वीसच्या वीस होते.

दोन वर्षांनी ऊस आला. पहिल्याच आठवड्यात एक मुकादम माझ्या काट्यावर वजनावरून भांडला आणि त्याला बिडी देऊन बाजूला नेणारं कुणी नव्हतं. गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली. पंपाने हवा धरली, ती चार दिवस सुटली नाही. चेअरमनसाहेबांनी हंगामाचं भाषण स्वतः लिहिलं, आणि पहिल्या रांगेला झोप लागली. कुणाचंही काम अडलं नव्हतं. फक्त कुणाचंच नीट होत नव्हतं.

त्या हंगामात मी काटाघराला मागच्या बाजूने एक दार पाडून मिळावं म्हणून अर्ज करायचं ठरवलं. कोरा कागद पुढे घेऊन बसलो. कारण काय लिहावं ते सुचेना. असल्या अर्जाला पटेलसं कारण लिहून देणारा आमच्या कारखान्यात एकच माणूस होता.