मंगळवारचे चौदा मिलिमीटर

दोन हजार सात साली आम्हाला अमेरिकेत, रेडमंडला येऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत घरामागच्या अंगणात मी फार तर वीसेक वेळा गेलो असेन. त्या वर्षी मात्र ऑक्टोबरच्या शेवटापासून तीस दिवस मी रोज सकाळी सातला तिथे उभा असायचो. पायजम्यावर जाकीट, हातात टॉर्च, आणि बाजूला रेनकोट घातलेली दहा वर्षांची मुलगी. समोर कुंपणाच्या खांबाला बांधलेली एक प्लास्टिकची नळी.

नळी पोस्टानं आली होती. एका विद्यापीठानं इंटरनेटवर विज्ञान महोत्सव भरवला होता. कुठे जायचं नव्हतं, तिकीट नव्हतं. मुलांनी आणि मोठ्यांनी घरूनच भाग घ्यायचा. आमचा भाग पावसाचा. रोज सातला नळीतलं पाणी मिलिमीटरमध्ये वाचायचं, नळी रिकामी करून परत लावायची आणि आकडा वेबसाइटवर भरायचा. प्रत्येक घराला एक नंबर होता, आमचा बारा. तीस दिवस संपले की एका शनिवारी दुपारी थेट वेबकास्ट होणार होतं. त्यात एक हवामानशास्त्रज्ञ बाई सगळ्यांचे आकडे नकाशावर दाखवणार होत्या. ज्या घरांची नोंद पूर्ण आणि विश्वासार्ह ठरेल, तिथल्या मुलांना फोनवरून बाईंना एक प्रश्न विचारता येणार होता.

मुलीला तेवढंच हवं होतं. तिनं आपला प्रश्न पहिल्याच आठवड्यात पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला होता: नळीत पडायच्या आधी वाऱ्यानं उडवून नेलेला पाऊस कोण मोजतं?

मला प्रश्न आवडला होता. पण त्या दिवसांत मला काही आवडलं तरी ते बोलून दाखवायला अंगात जोर लागायचा, आणि तो नसायचा. मी टेस्टर होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचा, आणि चूक खरंच आहे हे लिहिणाऱ्याला पटेपर्यंत त्याच्यामागे लागायचं. वय चव्वेचाळीस. ग्रीन कार्डाची फाइल चार वर्षं एकाच जागी होती, त्यामुळे नोकरी बदलायचा विचार करायचा नाही असं मी आणि बायकोनं ठरवून टाकलं होतं. रोज सकाळी उठताना मी आदल्या दिवसाइतकाच दमलेला असायचो.

तरी नोंदी मी नीट ठेवल्या. एक वही केली. रेघा मारून चार रकाने आखले: तारीख, वेळ, मिलिमीटर, शेरा. दुसऱ्या आठवड्यात एकदा पाणी साडेअठराच्या खुणेवर होतं. शाळेतल्या तिच्या मैत्रिणीच्या घरी त्या दिवशी एकोणीस भरलं होतं. मुलगी म्हणाली, आपणही एकोणीस लिहू. मी नाही म्हटलं. जे दिसलं ते लिहायचं, आपल्याला जे हवं ते नाही, असं मी तिला तिथेच पावसात उभं राहून बराच वेळ समजावलं. ती ऐकून घेत होती, पाय बदलत होती. बायकोनं स्वयंपाकघराचं दार उघडून विचारलं, "तिला कामावर ठेवलंयस का तू? शाळेची बस जाईल." मुलीनं साडेअठरा लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात पाचवीच्या मुलांचा कॅम्प होता, तीन दिवसांचा. सोमवारी सकाळचं वाचन करून ती गेली, बुधवारी संध्याकाळी परत येणार. जाताना दारात बॅग खाली ठेवून मला म्हणाली, "बाबा, सातला हं. शार्प. सव्वासात नाही." मी हो म्हटलं.

त्याच सोमवारी ऑफिसात नव्या प्रोग्रॅमचं रिलीज अडकलं. आमच्या टेस्टिंगच्या खोलीला खिडकी नाही. मी सकाळी आत गेलो आणि रात्री अकराला घरी आलो. येताना रस्ता कोरडा होता की ओला, हे मला तेव्हाही आठवत नव्हतं. त्या गावात वायपर चालू करायला मुद्दाम लक्ष द्यावं लागत नाही, हात आपोआप जातो. मंगळवारी जाग आली तेव्हा आठ चाळीस झाले होते. मी थेट गाडीत बसलो. नळीची आठवण झाली ती दुपारी जेवताना, डब्यातली पोळी तोडताना. घरी फोन करता आला असता. पण वेळ टळून गेली होती आणि आता वाचून काय उपयोग, असं स्वतःला सांगून मी डबा संपवला.

बुधवारी सातला नळीत तेवीस होते. दोन दिवसांचं मिळून तेवीस.

आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको, पण मुलीला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लोलकाचा प्रयोग असायचा. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर आधीच ठाऊक असायचं, नऊशे एक्क्याऐंशी. लोलक हलवून मोजत बसलं तर नऊशे तीस यायचं, कधी हजाराच्या वर जायचं, आणि सर जर्नलवर सही करायचे नाहीत. म्हणून आम्ही उत्तरापासून मागे यायचो आणि रकाने भरायचो. त्याला रीडिंग बसवणं म्हणायचे. माझ्या बॅचमधले चौघं माझ्याकडून बसवून घ्यायचे, कारण मला त्यातली मेख कळली होती: आकडे फार सारखे येऊ द्यायचे नाहीत. एखादं थोडं चुकीचं ठेवायचं. तपासणाऱ्याला वाटलं पाहिजे, पोरानं खरंच मोजलंय.

त्या बुधवारी मी ओट्यापाशी उभा राहून बायकोला विचारलं, "परवा रात्री पाऊस होता का गं?"

ती चहा गाळत होती. म्हणाली, "इथे कधी नसतो?"

मला एवढं पुरलं. तेवीसचे साडेअकरा-साडेअकरा केले असते तर कोणालाही संशय आला असता. मंगळवारी चौदा लिहिले, बुधवारी नऊ. वेळेच्या रकान्यात दोन्हीकडे सात. शेऱ्याचा रकाना रिकामा. साइटवर भरलं आणि ऑफिसला गेलो. एकूण दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि खरं सांगायचं तर मनालाही काही लागलं नाही. बेरीज बरोबर होती ना.

संध्याकाळी मुलगी आली. धुराचा वास येणारे कपडे, ढीगभर गप्पा. जेवताना तिनं सांगितलं की सोमवारी रात्री शेकोटीनंतर सगळ्यांना गवतावर आडवं झोपवलं आणि तारे दाखवले. इतके तारे तिनं कधी पाहिले नव्हते. मी घास तसाच हातात धरला. कॅम्प आमच्या घरापासून तासाभरावर. तिथे आभाळ मोकळं, तर इथे चौदा मिलिमीटर कुठून येणार? मग मनात म्हटलं, ते डोंगरात आहे, डोंगरातली हवा वेगळी. डोंगरात पाऊस कमी नाही, जास्त पडतो, हेही मला माहीत होतं. मुलीनं वही उघडली, दोन आकडे पाहिले, "थँक्स, बाबा" म्हणाली आणि आपल्या हातानं त्याखाली गुरुवारची तारीख लिहून ठेवली.

तीस दिवस पूर्ण झाले. डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दोनला आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. बायकोनं चिवड्याची वाटी मध्ये ठेवली होती. स्क्रीनवर पोस्टकार्डाएवढी एक खिडकी, तिच्यात पिकल्या केसांच्या, पिवळा रेनकोट घालून आलेल्या त्या बाई, आणि शेजारी प्रेक्षकांनी लिहिलेल्या ओळी वर सरकत होत्या. चित्र मध्येच थांबायचं. बाईंचा हात हवेत राहायचा आणि आवाज पुढे जायचा. टेलिफोन मुलीनं आपल्या मांडीवर घेतला होता.

बाईंनी एकेक दिवसाचा नकाशा दाखवायला सुरुवात केली. घर म्हणजे ठिपका. पाऊस नसेल तर पांढरा, असेल तर निळा. आमच्या भागात सतरा ठिपके होते. पहिले दोन आठवडे सगळे मिळून निळे व्हायचे, मिळून फिके पडायचे. मुलगी आमच्या ठिपक्यावर बोट ठेवून बसली होती. मग तो मंगळवार आला. सोळा ठिपके पांढरे, आणि तिच्या बोटाखाली एक गडद निळा.

बाई हसल्या. रागावलेल्या मुळीच नव्हत्या. त्यांनी सांगितलं की असा एकटा निळा ठिपका दरवर्षी एखादा तरी येतो. कधी बागेला पाणी घालणारा फवारा नळीवर उडतो. पण बहुतेक वेळा कोणीतरी मंगळवारचं बुधवारी भरलेलं असतं. मला रिकामी जागा चालते, त्या म्हणाल्या. भरलेली जागा खरी की खोटी हे मला शेजाऱ्यांना विचारावं लागतं. आणि एका दिवसाचा भरवसा नसला की बाकीच्या एकोणतीस दिवसांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून बारा नंबरचं घर आम्ही यंदा बाजूला ठेवलं आहे.

चिवड्याच्या वाटीकडे गेलेला बायकोचा हात तिथेच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. इथे कधी नसतो, हे आपलंच वाक्य तिला आठवलं असणार.

मुलीनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं कीबोर्ड पुढे ओढला. "शी इज राँग," ती म्हणाली. "ते रीडिंग मी नाही, तू घेतलंस. यू टेस्ट थिंग्ज फॉर अ लिव्हिंग." आणि दोन बोटांनी टाइप करायला लागली. बारा नंबरच्या घराचा आकडा बरोबर आहे. तो माझ्या बाबानं घेतला आहे. माझा बाबा कधीच

एवढं झालं होतं. मी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. ते पाठवू नकोस."

"का?"

"त्या बाईंचं बरोबर आहे."

तिनं बोटं उचलली. मी सांगितलं. झोपून राहिलो, मंगळवारी वाचलंच नाही, बुधवारी दोन दिवसांचं एकदम वाचलं आणि तोडून दोन ठिकाणी लिहिलं. सांगायला तीन वाक्यं लागली. वर्षानुवर्षं मी इतरांच्या चुका इतक्याच थोडक्यात लिहीत आलो होतो.

ती म्हणाली, "पण चौदा का? हाफ तर साडेअकरा होतं."

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. खोटं उत्तर सुचलंही होतं. मी म्हटलं, "खरं वाटावं म्हणून."

"अँड आय टोल्ड यू अबाउट द स्टार्स."

"हो."

बायको हळूच म्हणाली, "अगं, दमला होता तो." स्क्रीनवर बाई पुढच्या दिवसावर गेल्या होत्या. मुलीनं लिहिलेल्या ओळी एकेक अक्षर मागे घेत पुसल्या आणि नव्यानं लिहिलं: घर नंबर बारा. मंगळवारचं वाचन नाही. बुधवारचे तेवीस हे दोन दिवसांचे आहेत. बाकीचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे. शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं आणि पाठवलं.

वेबकास्ट अर्धं मिनिट मागे चालायचं, त्यामुळे काही वेळ काहीच झालं नाही. मग प्रश्नांची पाळी सुरू झाली. कोणी विजेबद्दल, कोणी गारांबद्दल विचारत होतं. चौथ्या प्रश्नानंतर कोणीतरी बाईंच्या हातात कागद दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, बारा नंबरचे आभार, आता त्यांचे उरलेले अठ्ठावीस दिवस मी परत घेऊ शकते. इथे चित्र अडकलं. परत सुरू झालं तेव्हा पडद्यावर पुढच्या वर्षीच्या महोत्सवाची पाटी होती आणि संगीत वाजत होतं.

मुलीनं फोन मांडीवरून उचलून जागेवर ठेवला. पिवळी चिठ्ठी काढली नाही.

त्या रात्री, मुलगी झोपल्यावर, मी वही कपाटात ठेवायला घेतली. मंगळवारच्या चौदावर आणि बुधवारच्या नऊवर पट्टी धरून एकेक सरळ रेघ मारलेली होती. खाली तेवीस. आणि मी कोरा ठेवलेल्या शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात, मावेल तसं, तिनं इंग्रजीत लिहिलं होतं की वाचन नाही, बाबा दमला होता.

मी ते सवयीनं पुन्हा तपासलं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.