माझे साडू ब्रेकसर

माझे साडू मोटार चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आहे आणि तो ते सहसा दाबत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे. शिकणारा थेट विजेच्या खांबाकडे निघाला तरी हे शांतपणे विचारतात, "खांब बघितलात ना?" मग तो शिकणाराच घाबरून गाडी थांबवतो आणि पुन्हा जन्मात खांब विसरत नाही. यावरून त्यांचं नाव ब्रेकसर पडलं. जी वस्तू वापरत नाही तिच्यावरून नाव पडावं आणि तेही कौतुकाने, हे यांच्याच नशिबात. मी त्यांच्या समोरच्या दुकानात दिवसभर लोकांचे बोर्ड छापतो, पण मला कुणी लाडाने काही म्हणत नाही.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्यांची धाकटी. म्हणजे मानाने मी मोठा, पण तो मान आता गाडीत पुढच्या सीटवर बसण्यापुरता उरलाय.

दर रविवारी संध्याकाळी ब्रेकसरांच्या वर्गात, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याखाली, एक गट जमतो. विषय उदारमतवाद. माणसाला त्याचं आयुष्य त्याच्या मर्जीने जगू द्यावं, कायदा मंत्र्याला आणि हमालाला सारखा असावा, व्यापारात उगाच आडकाठी नको, न पटणाऱ्यालाही बोलू द्यावं, अशा गोष्टी. पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारलं, सरकार असावं तरी कसं? ब्रेकसर म्हणाले, "माझ्या ब्रेकसारखं. पाय जवळ ठेवायचा, दाबून धरायचा नाही." झालं, ते वाक्य बाजारभर फिरलं.

त्या गटाचा एक नियम आहे, 'आधी समोरच्याचं'. कुणाला विरोध करायचा असेल तर आधी उठून त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. मग त्याला विचारायचं, बरोबर सांगितलं का? तो "बरोबर" म्हणाला तरच पुढे बोलायचं. या नियमापायी भांडायला आलेली माणसं चहा पिऊन घरी जातात. मला तो नियम पहिल्यापासून पोरकट वाटत आलाय.

आता मुद्द्याचं सांगतो. उदारमतवादाची पहिली पुस्तिका ब्रेकसरांच्या हातात मी ठेवली. एका गिऱ्हाइकाने ती छापायला टाकली आणि न्यायला आलाच नाही. त्यातली एक मी यांना दिली. वाचायला म्हणून दिली, की टेबल मोकळं करायला, तो प्रश्न वेगळा. मुळात ठिणगी माझी. एवढं एकदा तरी चारचौघांत कुणी म्हणावं, यापलीकडे माझी काही अपेक्षा नव्हती.

तसं कुणी म्हटलं नाही. उलट अनुदान आलं. परदेशात एक संस्था आहे, ती जगभरच्या अशा चिल्लर गटांना छोट्या छोट्या रकमा देते. कुठे शिंप्याच्या दुकानात जमणारे, कुठे गोदीत जमणारे, आणि त्यात आमचे ब्रेकसर. रक्कम एवढीशी की गाडीचे टायर बदलून झाले नसते. हेच मला जास्त झोंबलं. मोठी असती तर पैशाच्या जोरावर चाललंय असं म्हणायची सोय होती. त्यातून त्यांनी खुर्च्या घेतल्या, एक माइक घेतला आणि कपाटभर पुस्तिका आणल्या.

"अहो, धाकटीकडच्या खुर्च्या बघितल्यात?" आमची ही म्हणाली. "पाठीला काय छान आधार आहे."

"आपल्या पाठीला काय धाड भरलीय?" मी म्हणालो.

गटाचा बोर्ड माझ्याकडेच छापायला आला. मी अक्षरं सुबक काढली, कारण कामात मी हेवा आणत नाही. खाली संस्थेचे आभार होते. ब्रेकसरांचं नाव नव्हतं, हे मान्य. पण माझंही नव्हतं. तो बोर्ड मशीनमधून इंच इंच बाहेर येत होता आणि माझ्या पोटात दुखत होतं.

मग मीही ठरवलं. माझ्या दुकानाच्या माडीवर कागदाची नि फ्लेक्सची भेंडोळी पडलेली असतात. ती भिंतीला लावली, पंखा दुरुस्त केला आणि स्वतःचा गट काढला. विषय तोच, वार तोच, वेळही तीच. बोर्ड मात्र त्यांच्या दुप्पट, आणि त्यावर ठळक लिहिलं, 'मूळ गट'.

बोर्ड लागला त्या दुपारी ब्रेकसर रस्ता ओलांडून आले. मला वाटलं, आता दाबतील ब्रेक. दोन्ही हातांत त्यांच्या नव्या खुर्च्या होत्या.

"दादा, तुमच्याकडे बसायची सोय काय? मी आमच्या लोकांना सांगितलंय, समोर जाऊन बघा, जिथे बरं वाटेल तिथे बसा."

"तुमची माणसं फुटतील," मी म्हणालो.

"फुटू देत की. समोर दुसरं दुकान असलं की आपलं सुधारतं. मी कधीपासून वाट बघत होतो कुणी तरी काढेल म्हणून."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. शत्रूने निदान शत्रूसारखं वागावं. त्यांनी खुर्च्या मांडल्या, एकीचा पाय डगमगत होता त्याखाली कागदाची घडी सरकवली, आणि गेले.

पहिल्या रविवारी माडी भरली, अर्थात त्यांनीच पाठवलेल्या माणसांनी. मी बोलण्याच्या स्वातंत्र्यावर असा काही बोललो की मध्ये कुणाला तोंड उघडायला जागा ठेवली नाही. पुढच्या खेपेला निम्मे आले. काही रविवारांनंतर उरले ते आमची ही, आणि पंख्याच्या वाऱ्याला येऊन बसणारा शेजारचा घड्याळजी. मी बोलत असायचो आणि खिडकीतून रस्त्यापलीकडचा वर्ग दिसायचा. तिथे हात वर होत होते, माणसं हसत होती. आमच्या हिचं लक्षही तिकडेच असायचं.

अशात त्या संस्थेच्या बाई गटांना भेटी देत देत इकडे आल्या. अनुदानातून काय साधलं ते त्यांना बघायचं होतं. ब्रेकसरांनी त्यांना खुर्च्या दाखवल्या नाहीत की पुस्तिका दाखवल्या नाहीत. त्यांना दारात उभं करून माझा बोर्ड दाखवला. म्हणाले, "समोर दुसरा गट निघाला, हे सगळ्यात मोठं." म्हणजे माझा जळफळाटसुद्धा यांच्याच यशात जमा झाला.

बाईंना दोन्ही गट एकत्र बघायचे होते, म्हणून मला तिकडे बोलावणं आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वर्ग गच्च भरला होता. माझी बायको तिच्या बहिणीशेजारी पाठ टेकून बसली होती. बाईंनी हसून विचारलं, "तुम्ही वेगळा गट का काढलात?"

मी ताकास तूर लागू दिली नाही. "मतभेद होते," म्हणालो.

आणि इथेच फसलो. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी हे उत्तर खपलं असतं. या खोलीत मतभेद म्हटल्यावर पहिल्या रांगेतली निवृत्त नर्स लगेच वळली. "मतभेद आहेत ना, मग नियम लागू. ब्रेकसर, उठा. आधी समोरच्याचं."

"कशाला, जाऊ द्या," मी म्हणालो. पण ब्रेकसर उठले होते. त्यांनी माइक बाजूला ठेवला आणि शिकवताना बोलतात त्याच आवाजात सुरुवात केली.

"दादांचं म्हणणं असं आहे. पहिली पुस्तिका त्यांनी मला दिली. ती नसती तर ही खोली नसती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कौतुक माझं झालं, बोर्ड मात्र त्यांनी छापला. या खुर्च्या बघितल्या की त्यांना त्रास होतो. घरात माझं नाव निघालं की जास्त होतो. गट त्यांनी विचारासाठी काढला नाही, मला खाली बघायला लागावं म्हणून काढला. आणि रिकाम्या माडीवर दर रविवारी बोलताना त्यांना फार एकटं वाटतं, पण बंद करायची लाज वाटते."

कुणी हसलं नाही. बायको माझ्याकडे बघत होती.

ब्रेकसर माझ्याकडे वळले. "दादा, बरोबर सांगितलं का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. पण एक शब्द चुकला असता तर ना. मला हवं ते सगळं त्यात होतं, ठिणगीसुद्धा होती, चारचौघांत होती.

"बरोबर," मी म्हणालो.

"आता विरोध मांडा," नर्स त्यांना म्हणाली.

"माझा काही विरोध नाही," ब्रेकसर म्हणाले आणि खाली बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी. माझा एक हेवा तेवढा माझ्या हक्काचा होता. तोही त्यांनी माझ्यापेक्षा चांगला सांगितला.