खोटं मर्तिक

आमच्या वाडीत सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा माझी मैत्रीण माझ्याशी अकरा महिने बोललेली नव्हती. चूक माझीच होती.

मिरकरवाड्याला कोळंबी सोलायच्या शेडमध्ये आम्ही दोघी वीस वर्षं शेजारी शेजारी बसत होतो. मला चार माणसांत तोंड उघडायला जमत नाही. ती दोघींचं मिळून बोलायची. मग तिचा नवरा अचानक गेला. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून वाडीतल्या बायका पाळीपाळीने जेवण नेतात. तिसऱ्या दिवशी माझी पाळी होती. पिठलं-भाताचं पातेलं घेऊन मी तिच्या घरापुढच्या खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत गेले. पडवीत मुंबईहून आलेले तिचे दीर ओळीने बसले होते. त्यांच्यामधून आत जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं आणि काहीतरी बोलायचं. काय बोलायचं तेच सापडेना. मी परत फिरले. पातेलं कुणाच्या हाती तरी द्यावं, हेही सुचलं नाही. ते आम्ही घरीच जेवलो. तिने मला खिडकीतून बघितलं होतं, हे नंतर कळलं.

कामावर परत आली तेव्हा ती दोन बायका सोडून पलीकडे बसली. पहिल्यासारखी हसतही नव्हती.

सिनेमावाले आले ते जेमतेम दहा-बारा जण, दोन गाड्यांत. सिनेमा काढणारी एक मुलगीच होती, माझ्या लेकीच्या वयाची. तीन दिवस ती आमच्या शेडमध्ये येऊन बसली. कोळंबी सोलायला शिकली, अंगठ्यात काटा मोडून घेतला, पण उठली नाही. सिनेमा मर्तिकाचा, पण विनोदी आहे म्हणाली.

एकीने विचारलं, "पण त्यात मढं कोणाचं?"

"मैत्रिणीचं."

"मग हसायचं कुठे गो?"

"तेच मला शोधायचंय, मावशी."

मला ती तिथेच आवडली. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणून सांगणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

वाडीत मुंबईकरांचं एक चिऱ्याचं घर बारा महिने बंद असतं. ते तिने मागून घेतलं. मर्तिकाला बसायला बायका हव्या होत्या. शेडमधल्या आम्ही सात जणी गेलो. मला कोणी बोलायला सांगणार नव्हतं, म्हणून मी तयार झाले. मैत्रीणही आली. तिने मर्तिकाला बसायला येऊ नये असं मला वाटत होतं, पण सांगणार कशी?

जी नटी मेलेली होती तिला ओटीवर चटईवर निजवलं, नाकात कापूस घातला. पोट हलू नये म्हणून सकाळपासून तिला नुसता चहा दिला होता. दुसरी नटी, म्हणजे मेलेलीची मैत्रीण, मांडीवर एक पिशवी घट्ट धरून बसली होती. आम्ही मागे भिंतीला टेकून. गर्दीत जागा उरली ती माझ्या शेजारची, म्हणून मैत्रीण तिथे बसली. सुरू करा म्हणताच बायकांनी सूर काढला. खोटं रडायला सगळ्याच हुशार निघाल्या.

तासभर तेच रडणं परत परत चाललं होतं, एवढ्यात वरच्या आळीतली म्हातारी दारात उभी. सावर्ड्याला लेकीकडे महिनाभर राहून ती त्याच सकाळी परतली होती. शूटिंगचं तिला काही ठाऊक नव्हतं. बंद घर उघडलेलं दिसलं, रडणं ऐकू आलं. मुंबईला वारलेलं माणूस आमच्याकडे बरेचदा असंच गावी आणतात. तिने घरी जाऊन घाईघाईने पिठलं-भात रांधला आणि पातेलं डोक्यावर घेऊन आली.

"कोण गेली गो? मला कोणी सांगितलान पण नाय!"

म्हातारी सरळ आत आली, पातेलं मढ्याच्या उशाशी ठेवलं आणि पिशवीवाल्या नटीच्या पाठीवरून हात फिरवला. "दोन घास खा बाय. रडून पोट भरत नाय."

ती नटी खरंच रडायला लागली. आणि गरम भाताचा वास गेला मढ्याच्या नाकात, कापसातून. मढ्याने एक डोळा उघडला. "आजी, मला पण द्या ना थोडं."

म्हातारी घाबरेल असं सगळ्यांना वाटलं. तिने मढ्याच्या पायावर चापट मारली. "मेल्यावर तरी गप निज गो!"

सगळं घर हसून लोळलं. माझ्या शेजारी कोणीतरी माझ्या खांद्यावर डोकं टाकून हसत होतं, आणि ती माझी मैत्रीण होती. हसता हसता तिचं हसणं कधी बदललं ते कळलं नाही. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बघ. ही बिनओळखीच्या मढ्याला भात घेऊन आली. तू माझ्या खळ्यातून परत गेलीस."

"काय बोलू ते कळेना मला."

"बोलायला कोण सांगत होतं तुला? वीस वर्षांत कधी बोललीस? पातेलं ठेवायचं आणि बसायचं."

ती उठून गेली नाही. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

ती सिनेमावाली मुलगी म्हातारीला बाहेर काढायला धावली नाही की कोणावर ओरडली नाही. म्हातारीच्या पाया पडली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली. सगळ्यांनी तो पिठलं-भात थोडा थोडा खाल्ला, मढ्याने सर्वांत जास्त. उद्या परत असंच याल का, असं तिने विचारलं. म्हातारी म्हणाली, "माणूस रोज रोज मरता काय?" पण कॅमेरा बंद झालाच नव्हता, म्हणून म्हातारी सिनेमात आली.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका सभागृहात तो सिनेमा दाखवला. "येतेस?" असं मैत्रिणीनेच विचारलं. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायचं काही कारणच नव्हतं, सगळं आपल्याच बोलीत होतं.

गोष्ट एवढीशी. सवाष्ण गेलेल्या बाईला तिचा शालू नेसवायचा असतो. तो शालू तिच्या मैत्रिणीने लग्नाला म्हणून मागून नेलेला आणि इस्त्रीने जाळलेला. घरात मढं थांबलेलं, आणि ही तसाच शालू शोधत अख्खी रत्नागिरी पालथी घालते. लोक हसून हसून बेजार झाले. शेवटी ती पिशवीतला जळका शालूच बाहेर काढते, भोक निऱ्यांत दडेल असा नेसवते आणि मेलेलीच्या कानात म्हणते, "हलू नकोस, दिसेल." एवढ्या लहान मुलीला हे कसं कळलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं. माझ्या मनात जे इतके दिवस दगडासारखं होतं, ते तिने हसवत हसवत सांगितलं.

परत येताना रिक्षात मैत्रीण म्हणाली, "माझ्या वेळी निळी नेसव. पदर नीट बघून घे, एका ठिकाणी विरलाय."

"आणि मी आधी गेले तर?"

"तर मी पडवीत उभी राहून सगळ्या पुरुषांसमोर तुझ्याबद्दल मोठ्याने बोलेन. तासभर. तुला उठून पळता पण येणार नाय."

माझा चेहरा बघून ती एवढी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. मीही हसले. मग तिला म्हटलं, "चुकलं माझं." त्या अकरा महिन्यांत म्हणायचं होतं ते एवढंच.

"हो, चुकलं," ती म्हणाली आणि उतरेपर्यंत बोलत राहिली.