दुर्बीण थंड ठेवणारा भाऊ

माझा भाऊ कालपासून फ्रीजरच्या पेटीत आहे.

सावदा गावातल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत. त्याची मुलगी उद्या अमेरिकेहून पोचेल, तोवर त्याला ठेवायचंय.

मला रडू येत नाहीये. नुसती बसून आहे.

पेटीचा कॉम्प्रेसर घरघरतोय. भाऊला हा आवाज आवडला नसता.

नव्वदच्या दशकात तो अंतराळात पाठवायच्या इन्फ्रारेड दुर्बिणीच्या डिझाइनवर काम करायचा. सुट्टीत आला की आमचे वडील, नाना, विचारायचे, "वर तं थंडीच राहाते म्हने. मंग तुह्या दुर्बिनीले अजून थंड कशाले करतं?"

"नाना, बंद वॅगनमधी केळी आपल्याच गरमीनं पिकते ना? तसंच. दुर्बीण गरम असली तं तिले स्वतःचीच गरमी दिसते. दूरचा तारा दिसतच नाही."

"मंग बर्फ लाव."

"बर्फाहून कितीतरी थंड, पातळ हेलियम लावतो. पण ते उडून जातं. संपलं की धडधाकट दुर्बीण आंधळी. जास्त भरावं तं टाकी जड, रॉकेटले उचलत नाही. मशीननं थंड करावं, तं ते थरथरतं अन् फोटो हलतो."

"म्हंजे एक धरलं का दुसरं सुटतं," नाना हसायचे.

"अन् एकेक वायर बाहेरची गरमी आत नेते. वायरी कमी केल्या तं तिचं बोलणं आपल्याले ऐकू कसं येईल?"

ती दुर्बीण कागदावरच राहिली. पुढे भाऊ तिच्याबद्दल कधी बोलला नाही.

फक्त घरातला फ्रिज कुणी उघडा ठेवला की माझ्यावर चिडायचा. "बेबी, दार लाव. गरमी आत जाते."

आज जो येतो तो म्हणतो, "जरा तोंड पाहू द्या." की झाकण उघडलं. बाहेर मे महिना, त्यात वीज सारखी जातेय.

शेवटी मीच सांगितलं, झाकणाच्या काचेतून बघा. पोरीला बापाचा चेहरा नीट दिसला पाहिजे. काहींना राग आला. येऊ दे.

मग माय आली. तिचे डोळे केव्हाच गेलेत. काचेचा तिला काय उपयोग?

"मले हात लावू दे वं, बाई."

बेबी, गरमी आत जाते. अगदी त्याच्याच आवाजात ऐकू आलं.

मी झाकण उघडलं.

मायनं त्याच्या गालावर हात ठेवला. कितीतरी वेळ काढलाच नाही. मीही काढ म्हटलं नाही.

भाऊ, तेवढी गरमी आत जाऊ दे.

तुला शेवटचा नमस्कार.

तुझी बेबी