पंचवीस झाले की बाहेर

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं आणि आमच्या क्लबची टीम अकरावरून सातावर आली.

आधीच्या अकरांतले दोघे संस्थानच्या फौजेतले. फौजेची नवी मांडणी झाली तशी त्यांना दूर कुठेतरी पाठवलं, आणि आमची जलद गोलंदाजी त्यांच्याबरोबर गेली. एकाची बदली मंदसोरला झाली. उरलेल्यांत काही सचिवालयातले. विलीनीकरणातून झालेल्या मध्य भारत राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी ठरलेली. त्यामुळे कचेऱ्या फायलींच्या पेट्या बांधून वर्षातून दोनदा हलत आणि आमचे फलंदाजही त्या पेट्यांबरोबर जात.

मी शिक्षण खात्यात कारकून. माझं खातं हलत नव्हतं, म्हणून क्लबचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलेलं. आमचं मैदान ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार या दोन वस्त्यांच्या मधे होतं. आता तिथे घरं झाली आहेत. रविवारी सकाळी मी आणि कप्तान खेळपट्टीवर चटई अंथरायचो, खिळे ठोकायचो आणि रस्त्याकडे बघत बसायचो.

कप्तान म्हणजे खरोखरचे कप्तान नव्हते, संस्थानच्या रिसाल्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पण क्रिकेटमुळे लष्कर वस्तीतले सगळे त्यांना कप्तानच म्हणायचे. पन्नाशी आलेली, पाठ ताठ, आणि नजर इतकी पक्की की चेंडू हातातून सुटायच्या आत पाय पुढे पडलेला असे. सामना म्हणजे दोन रविवारांचा, असा त्यांचा नियम. एका रविवारी एक डाव, पुढच्या रविवारी दुसरा.

एका रविवारी सातच जण आले. समोरची टीम मुरारची. तिने तासभर वाट पाहिली आणि सायकली काढल्या. कप्तानांनी स्वतःच खिळे उपटले.

न आलेल्यांपैकी एक होते मोडी दफ्तरातले कारकून. आम्ही त्यांना मोडीवालेच म्हणायचो. कधी रविवार न चुकवणारा माणूस, पण लागोपाठ तीनदा आले नव्हते. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरा आहे."

"मग आला नाहीत?"

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "सेक्रेटरी, खरं सांगू? मागच्या तीन वर्षांत मी बावीस चेंडू खेळलोय. मोजलेत. माझा नंबर दहावा. वरचे खेळले तर डाव घोषित, वरचे पडले तर सूर्य मावळतो. ओव्हर तर कधी दिलीच नाही कोणी. दोन-दोन रविवार उन्हात उभं राहून मी फक्त चेंडू उचलून देतो. ते काम घरीही आहे, लहान मुलगी आहे माझी."

स्कोअरची वही मीच लिहायचो. बावीसचा आकडा माझ्याच अक्षरात होता आणि मला तो कधी दिसला नव्हता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसली. "अहो, आमच्या भजनात बायका का येतात? मुरारहून चालत येतात. कारण प्रत्येकीला एक पद म्हणायला मिळतं. जिला सूर नाही तिलासुद्धा. तुमच्याकडे दोघेच गाऊन राहिलेत आणि बाकीचे टाळ धरून उभे. कोण येणार?"

त्या आठवड्यात मी कचेरीतल्या रद्दी कागदांच्या कोऱ्या पाठीवर नियम लिहीत होतो. सामना एकाच दिवशी संपेल. दोन्ही बाजूंना तीस-तीस ओव्हर. ज्याचे पंचवीस झाले तो बाहेर येईल, बाकी सगळे खेळून झाले तरच परत जाईल. यष्टिरक्षक सोडून प्रत्येकाला किमान दोन ओव्हर. आणि या रविवारी जो शेवटी, तो पुढच्या रविवारी पहिला. हिवाळ्यात धुकं उठल्यावर साडेदहाला सुरुवात, उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला, म्हणजे उन्हाच्या झळांची लू सुटायच्या आत माणूस घरी.

तरी अकरा भरत नव्हते. तेव्हा मी हजीऱ्याला गेलो. तिथल्या गिरणीतले काही कामगार चाळीमागे खेळतात असं ऐकून होतो. त्यांचा म्होरक्या कताई खात्यातला, म्हणजे सूत काढायच्या खात्यातला, एक उंच, हडकुळा माणूस. माझं सगळं ऐकून म्हणाला, "बाबूजी, आप लोग दस बजे टॉस करते हो। दस बजे हम मशीन पर होते हैं। हमारे खाते में इतवार को भी पाली चलती है।"

"दोन वाजता पाळी बदलते ना?"

"बदलती है। जो सुबह था वो छूटा, जो खाली था वो गया।"

मी म्हटलं, "मग दोघांची एक जागा. एक सकाळी खेळेल आणि दोनच्या पाळीला जाईल. दुसरा दोनला सुटून येईल आणि उरलेलं खेळेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. "ऐसा होता है क्या?"

"आजपर्यंत नव्हतं होत," मी म्हणालो.

बैठक माझ्या घरी झाली. मी कागद वाचला. वाचून होताच कप्तान उभे राहिले.

"पंचवीस झाले की बाहेर? हे काय रेशनचं दुकान आहे? एक माणूस दिवसभर उभा राहतो, ते क्रिकेट. आणि अर्धा माणूस सकाळी, अर्धा दुपारी? सेक्रेटरी, मी फौजेत होतो. तिथेही पहारा बदलतो, पण लढाईच्या मधे नाही."

मी म्हणालो, "कप्तान, लढायला माणसंच नाहीत."

ते लागलं त्यांना. मला बोलल्याबरोबर वाईट वाटलं. मग ते टोपी घालत म्हणाले, "सहा रविवार देतो. सातव्या रविवारी मी म्हणेन तसं."

पहिला रविवार फसला. कप्तानांनी टॉस जिंकला आणि सवयीने फलंदाजी घेतली. गिरणीतला सकाळचा गडी गोलंदाज होता. त्याला चेंडू हातात मिळायच्या आतच भोंग्याची वेळ झाली आणि तो सायकल हाणत निघून गेला. त्याच्या जागी दोनला सुटून आलेला गडी फलंदाज. तो आला तेव्हा आमचा डाव संपलेला. एक खेळलाच नाही, दुसरा नुसता धावला. सामनाही हरलो.

मी कप्तानांच्या शेजारी उभा राहून बोलणी खायची वाट पाहत होतो. ते माझ्या वहीतल्या त्या दोघांच्या नावांकडे बघत होते. मग म्हणाले, "टॉस बंद करा."

"काय?"

"पाहुण्यांची पंगत आधी. समोरच्यांना म्हणायचं, तुम्ही पाहुणे, तुम्ही आधी खेळा. सकाळी आपण गोलंदाजी करू, दुपारी फलंदाजी. म्हणजे त्या दोघांचं बसेल." आणि लगेच, माझ्या तोंडावर काही उमटायच्या आत, "मला हे क्रिकेट वाटत नाही. पण करायचं तर नीट करा."

दुसऱ्या रविवारी मोडीवाले आले. मी त्यांना पहिल्या नंबरवर पाठवलं, कारण नियमाप्रमाणे शेवटचा तो पहिला, आणि शेवटी तर ते वर्षानुवर्षं राहिलेले. अकरा धावा केल्या. बाद होऊन आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हातातली बॅट ते खाली ठेवायला तयार नव्हते. तिसऱ्या रविवारी त्यांनी टाकलेल्या दोन ओव्हरमध्ये आधीचा बुजरेपणा नव्हता. दहा वर्षं क्लबात असलेल्या या माणसाचा चेंडू चटईवर पडून आत वळतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. यष्टीमागे उभे असलेले कप्तान स्वतः त्यावर चकले. खेळपट्टीवर वाकून त्यांनी चटई तपासली आणि म्हणाले, "पुन्हा टाका बरं."

माणसं यायला लागली. एक ड्रॉइंग मास्तर, एक कंपाउंडर, गिरणीतल्या आणखी दोन जोड्या. चौथ्या रविवारी आम्ही तेरा होतो आणि पहिल्यांदाच मला कोणाला तरी "पुढच्या रविवारी नक्की" असं म्हणावं लागलं. ते वाक्य म्हणताना मला इतका आनंद झाला की तो माणूस माझ्यावर रागावला.

सहाव्या रविवारी समोर इंदूरकर होते. हिवाळ्यात सचिवालयाबरोबर ग्वाल्हेरला आलेले कारकून. इंदूरचं क्रिकेट म्हणजे काय, हे त्या काळात कोणी सांगायची गरज नव्हती, आणि तेही ते विसरू देत नसत. कचेरीत आमचे काही जण आणि ते एकाच टेबलावर बसायचे, पण जुन्या संस्थानांची अढी होती. आमचे नियम ऐकून त्यांचा म्होरक्या म्हणाला, "पंचवीसला बाहेर? म्हणजे तुमच्याकडे पंचवीसच्या वर मोजता येत नाही का हो?"

"तुम्ही पाहुणे," कप्तान म्हणाले. "आधी खेळा."

त्यांच्या तिघांचे पंचवीस झाले आणि तिघेही कुरकुरत बाहेर आले. गिरणीतल्या गड्याने एकच्या सुमारास शेवटची ओव्हर टाकून दोन बळी घेतले आणि तसाच सायकलवर बसला. मोडीवाल्यांना एक मिळाला. इंदूरकर एकशे सतरा.

आमची सुरुवात वाईट झाली. कप्तान त्या दिवशी पाचवे होते. गेले आणि उभे राहिले, जसे ते वर्षानुवर्षं उभे राहत आले होते. समोरून विकेटी जात होत्या, ते हलत नव्हते. चौऱ्याऐंशीवर सहा बाद. सात ओव्हर उरल्या होत्या. त्यांनी एक चेंडू कव्हरमधून ढकलला, दोन धावा घेतल्या आणि मी वहीत आकडा लिहिला. पंचवीस.

नियमाप्रमाणे मी हात वर करायचा. माझा हात वर गेला नाही. सगळी टीम माझ्याकडे बघत होती. ते बाहेर आले तर सामना गेला, हे सगळ्यांना दिसत होतं. अंपायर इंदूरकरांचा होता. त्याने मोजले नव्हते. मी हात वर केला नसता तर इंदूरकरांना कळलंही नसतं.

कप्तानांनी खेळपट्टीवरून हाक दिली. "सेक्रेटरी, किती?"

मी वहीत डोकं घातलं.

"किती म्हणतो मी!"

"पंचवीस."

त्यांनी ग्लोव्ह काढले. इंदूरकरांचा म्होरक्याच म्हणाला, "राहू द्या हो कप्तान, खेळा. आमची हरकत नाही."

"माझी आहे," ते म्हणाले आणि चालत बाहेर आले. मोडीवाल्यांच्या हातात स्वतःची बॅट दिली. "ही घ्या. सरळ खेळा. वेळ आहे."

मोडीवाल्यांच्या समोरचा गडी दुसऱ्याच चेंडूवर गेला. पुढचा नंबर गिरणीच्या जोडीचा आणि तो अजून आला नव्हता. आम्ही सगळे रस्त्याकडे बघत होतो. तेवढ्यात सायकल दिसली. कताई खात्यातला तो उंच माणूस धापा टाकत आला, केसांत कापूस, अंगावर गिरणीचाच सदरा. पॅड बांधायला दोघे धावले. "कितना चाहिए?" त्याने विचारलं. बत्तीस, मी म्हणालो. "बस?" म्हणाला आणि गेला.

तो मारत होता आणि मोडीवाले पळत होते. चाळीमागच्या खेळात त्याला एकच फटका येत होता, वाकून मागे झाडलेला. त्याला क्षेत्ररक्षक कुठे लावायचा, ते इंदूरकरांना शेवटपर्यंत कळलं नाही. मधल्या एका ओव्हरमध्ये मोडीवाल्यांनी सरळ बॅटने दोन चौकार मारले. शेवटच्या ओव्हरमध्ये तीन हव्या होत्या. चेंडू मोडीवाल्यांच्या पॅडला लागून पायामागे गेला. दोघे धावले. फेक चुकली, पुन्हा धावले. परत फेक चुकली आणि कोणीतरी ओरडलं, "तिसरी!" कोण, ते मला आठवतं. कप्तान ओरडले होते, टोपी हातात घेऊन, सीमारेषेच्या आत शिरून. आणि तिसरी पूर्ण झाली.

सातव्या रविवारी जुन्या नियमांचं नाव कोणी काढलं नाही. कप्तान सर्वांत आधी आले होते आणि चटईचे खिळे ठोकून झाले होते. इंदूरकरांचा म्होरक्या आला आणि म्हणाला, "आम्ही तेवढे चार महिने आहोत. आमचे चारपाच जण तुमच्यात घ्या." पुढची तीन वर्षं ते दर हिवाळ्यात आमच्याकडून खेळले.

मग पुन्हा सगळं बदललं. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि या वेळी पेट्या परत येणार नव्हत्या. एका महिन्यात आमचे नऊ जण गेले. मुरारचा क्लब बंद पडला, लष्करातले आणखी दोन बंद पडले. ट्रक निघाले त्याच्या पुढच्या रविवारी मी भीतभीतच मैदानावर गेलो.

सव्वीस माणसं होती. बंद पडलेल्या क्लबांची माणसं, गिरणीच्या पाच जोड्यांतले सकाळचे पाच, दोन शाळामास्तर, पोस्टातला एक सॉर्टर. समोर टीमच नव्हती. कप्तान म्हणाले, "मग आपल्यातच दोन करा." एका बाजूचे कप्तान ते झाले, दुसऱ्या बाजूचे मोडीवाले. तेरा-तेरा जण खेळले, प्रत्येकाला बॅट मिळाली, प्रत्येकाने ओव्हर टाकली आणि उन्हं उतरली तरी कोणी घरी जायचं नाव घेईना.

मोडीवाल्यांची बाजू चार धावांनी जिंकली. कप्तानांनी ते अंपायरच्या चुकीमुळे झालं असं मरेपर्यंत सांगितलं. अंपायर मी होतो.