नायटा मोठ्यानं म्हणालीस

वेणूबाईला राग येतो असं म्हणणं बरोबर नाही. राग तिच्याकडे मुक्कामालाच असतो. पण बारशापासूनचा राग वेगळा होता, आणि ज्यांनी ते बारसं पाहिलं त्यांनी तरी त्याला नावं ठेवू नयेत.

लग्न होऊन साताऱ्याहून आली तेव्हापासून ती तुर्भ्याच्या मसाला बाजारात मिरचीचे देठ खुडते. नवरा शहाजी तिथंच पोती उचलतो. तिच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर लाल चट्टे उठले, खाजवून खाजवून पाणी सुटायला लागलं, तेव्हा शहाजीनं मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की चट्टा गायब, सोडली की दुप्पट. महिनोन्‌महिने तेच. शेवटी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली.

अशात पावसाळ्याच्या तोंडाला नातीचं बारसं आलं. पाळण्याच्या वरून, खालून बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होतं. वेणूबाईनं हात पुढे केले. सून वैष्णवी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आत्या, तुम्ही नको. नायटा आहे ना तुमच्या हाताला! बाळाला लागेल." आणि बाळ वेणूबाईला ओलांडून शेजारणीकडे गेलं. शिरवण्याला ते राहतात त्या चाळीतली निम्मी पोरं या हातांनी न्हाऊ घातली होती, आणि घरच्या नातीला तेच हात चालेनात!

दुसऱ्याच दिवशी ती शहाजीला घेऊन नेरुळला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी हात उलटसुलट पाहिले. "आजी, हा नायटा नाही. हे इसब आहे. कुणालाही लागत नाही. ती जुनी ट्यूब बंद करा, तिच्यात स्टेरॉइड आहे. या मलमात ते नाही. सुरुवातीला जळजळेल, पण सोडू नका. आणि मिरचीला हात लावायचा तर आत सुती हातमोजे घाला, वर रबराचे."

वेणूबाईच्या कानात "लागत नाही" एवढंच शिरलं. पुढचं सगळं शहाजीनं ऐकलं.

घरी येऊन शहाजीनं मलम लावलं मात्र, हाताची आग आग झाली. मिरचीत जन्म घालवलेल्या बाईला आग म्हणजे मिरचीच, दुसरं काय असणार?

"अवो, मिरचीच्या हातानं टूब दाबली का न्हाय तुमी?"

"अगं, आज मी कामाला गेलोय कुठं?"

"मग कालची आसंल बोटाला!"

"डॉक्टरीण म्हनाली की जळजळंल म्हनून."

"मला न्हाय म्हनाली!"

ट्यूब मोरीत गेली. शहाजीनं ती उचलून पुसली आणि पुन्हा पुढे धरली. असं चार-पाच दिवस चाललं. मग आग कमी झाली, खाज कमी झाली, भांडण तेवढं उरलं. संक्रांत आली तोवर चट्टे फिके पडून कातडी भरून आली होती.

शहाजीनं सुनेला इसबाचं सांगितलंच होतं. एका सकाळी वैष्णवी बाळाला घेऊन मोरीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, घाला ना न्हाऊ."

वेणूबाईचे हात शिवशिवले, आणि या वेळी खाजेनं नव्हे. तरी ती म्हणाली, "न्हाय. तूच घाल." आणि पाठ फिरवून रडली. रागानंच रडली.

बोरन्हाणाला बारशाच्याच बायका जमल्या. बाळ हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलं. वैष्णवीनं बोरं-चुरमुऱ्यांचं सूप सासूपुढे केलं. "आत्या, पहिली ओंजळ तुमची."

वेणूबाईनं हात पदराखाली घेतले. "आदी सांग, ह्या हातांना काय झालं हुतं?"

वैष्णवीची मान खाली गेली. "इसब," ती पुटपुटली. "ते लागत नाही. माझं चुकलं."

"मोठ्यानं," वेणूबाई म्हणाली. "नायटा मोठ्यानं म्हनाली हुतीस."

वैष्णवीनं मान वर केली आणि दाराबाहेरच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा सांगितलं.

तेव्हा कुठं पदराखालून हात बाहेर आले. पण सुपाकडे ते गेलेच नाहीत. त्यांनी आधी बाळ उचललं.