सायमनचा न ऐकू येणारा बेस

माणूस गेला की त्याचे किस्से वाढतात, कारण "असं काही झालंच नव्हतं" म्हणायला तो येत नाही. आमच्या सायमनचं तेच झालं. जिवंतपणी तो एका वेळी चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नसे. आता आम्ही त्याच्यावर तासन्‌तास बोलतो.

सायमन 'बावखल' नावाच्या बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार, वाजवायचा. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधली तळी. बिल्डर ती बुजवत होते त्याच काळात भुईगावच्या चार पोरांनी हे नाव घेतलं. नव्वदच्या दशकात वसईत बँड म्हणजे लग्नाचा. ही पोरं मात्र पाण्याच्या टँकरवर, खिडक्यांच्या ग्रिलवर सात-सात मिनिटांची गाणी करायची. मी तेव्हा सरकारी कचेरीत क्लार्क, राहायला एव्हरशाईन सिटीत, वय चाळिशीपुढे. एकाच विषयावर काहीही पुढे न सरकता बसून राहायची मला ऑफिसातून सवय होती, त्यामुळे मी लगेच चाहता झालो. दुसरे माणिकपूरच्या शाळेतले विल्फ्रेड सर, तिसरा लाउडस्पीकर भाड्याने देणारा नंदू. पुढे विरारपर्यंत कितीतरी पोरांनी बावखलची नक्कल करत बँड काढले आणि आम्ही तिघं उगाचच जाणकार ठरलो.

दोन हजार सालानंतर सायमन काविळीने गेला. त्याला पुरून आलो त्या संध्याकाळी त्याच्या आईने, नातालबायने, आम्हा तिघांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"खरं सांगा. माझा पोरगा वाजवायचा, का नुसता उभा राहायचा?"

कंपनीतली पक्की नोकरी सोडून तो बँडमध्ये गेला होता. ती कशासाठी सोडली, एवढंच तिला कळायला हवं होतं. आम्ही तिघं एकदम म्हणालो, "वाजवायचा." इतकं एकदम, की तिचा विश्वास बसला नाही.

तेव्हापासून दर वर्षी त्याच्या पुण्यतिथीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, भुईगावला जायचं म्हटलं की मी आदल्या दिवसापासून सबबी शोधतो. नातालबाय प्रेमाने जेवायला वाढते. आम्ही घास गिळतो आणि ती पुन्हा विचारेल म्हणून ताटाकडे बघत बसतो.

*

तिचा संशय जुना. सायमनने पहिली बेस गिटार आणली तेव्हा तिने तारा मोजल्या. बँडचा गायक रूफस, त्याच्या गिटारीला सहा. आपल्या पोराच्या गिटारीला चार. दुकानदाराने फसवलं, हे उघड होतं. तिने कुणाला न सांगता कुवेतच्या भावाला निरोप धाडला. भाऊ सुट्टीवर आला तो दोन तारा घेऊनच.

बेसला चारच तारा असतात, हे सायमनने सांगायला हवं होतं. पण त्याला चारांपेक्षा जास्त शब्द लागले असते. तो "बरं" म्हणाला आणि त्याने तारा कपाटात ठेवल्या. आईने काही दिवसांनी विचारलं, लावल्यास काय? तो पुन्हा "बरं" म्हणाला.

हे आम्हाला सांगताना नातालबाय म्हणाली, "सहा तारा लावून बी आवाज नाय आला. मग मीच गप बसले."

*

घरच्या मागच्या खोलीतली प्रॅक्टिस सोडली, तर ती त्याला ऐकायला फक्त एकदा आली, गावच्या सणाला. पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून.

बावखलची एक पद्धत होती. गाणं रंगात आलं की सगळे एकदम थांबायचे. पूर्ण शांतता. मग एकटा सायमन हळूहळू सुरू करायचा, तोही लोकांकडे पाठ करून. आम्ही तिघं आधीच घामाघूम झालो होतो. आज आईला कळणार!

सगळे थांबले. दिवस लोडशेडिंगचे होते. पडद्यामागे जनरेटरवाला डुलक्या काढत होता. अचानक सगळं शांत झाल्यावर त्याने अर्धवट झोपेतच ठरवलं, लाइट गेली. दिवे लखलखत होते, पण त्याने डोळे उघडायचे कष्ट घेतले नाहीत. दोरी खेचली. पुढची दोन मिनिटं अख्ख्या भुईगावने जनरेटर ऐकला. सायमन आपल्याच स्पीकरला कान लावून वाजवत होता, त्याला पत्ताच नाही.

टाळ्या पडल्या. नातालबायने मला विचारलं, "तिकडं तोंड करून काय करत होता रे तो?"

*

तो गेल्यावर आमच्या हातात उरली एकच कॅसेट, तीही शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. त्यात रूफस आहे, ड्रम आहे, दोन कुत्री आहेत. बेस नाही.

नंदू म्हणाला, माझ्याकडे लग्नाचे मोठे स्पीकर आहेत, त्यांतून काढतो. टेम्पोत घालून ते त्याने नातालबायच्या ओटीवर आणले आणि सगळी बटणं उजवीकडे पिळली. घुर्रर्र आवाज झाला. कौलं थरथरली, फडताळातून एक बशी खाली आली. नंदू विजयी मुद्रेने तिच्याकडे बघत राहिला.

तिने बशीचे तुकडे वेचले आणि ती म्हणाली, "हा तुझ्या मशीनचा आवाज. सायमनचा कुठला?"

खरं तर तो कॅसेटच्या घासण्याचा होता. नंदूने स्पीकर पुन्हा टेम्पोत चढवले.

*

विल्फ्रेड सरांना वाटलं, आपण समजावून सांगू. शिक्षकांना असं वाटतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं की बाय, बेस म्हणजे इमारतीचा पाया. दिसत नाही, पण त्याच्यावरच सगळं उभं असतं.

नातालबायने विचार केला. तिच्या धाकट्या बहिणीने नुकताच वसई पूर्वेला फ्लॅट घेतला होता.

"तिच्या बिल्डरने बी हेच सांगितलं," ती म्हणाली. "दिसत नाय, पन हाय. आता भिंतीला भेग पडली."

सर त्यानंतर दोन वर्षं पुण्यतिथीला आजारी पडले.

*

मग रूफसनेच ठरवलं की या वर्षी मिस्सेनंतर तिच्या अंगणात बावखल वाजवेल. सायमनच्या जागी कुणालाही न घेता. आम्हा तिघांचे धाबे दणाणले. बेसशिवायही गाणं तिला पूर्वीसारखंच वाटलं तर? तर तिला उत्तर मिळालंच, आणि तेही आमच्यासमोर. मी रूफसला बाजूला घेऊन विरारचा एखादा पोरगा बोलव म्हणालो. तो म्हणाला, "काका, सायमनची जागा मी कुणाला देनार नाय."

शेजारपाजारचे जमले. नंदूने स्पीकर लावले. नातालबाय आत मैद्याचे गोड फुगे तळत होती. टँकरचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं. लोक माना डोलवत होते, कुणाला काही खटकलेलं दिसलं नाही. मी सरांकडे बघितलं, सर चपलेकडे बघत होते.

दुसऱ्या कडव्यात नातालबाय झारा हातात घेऊन दारात आली. रूफस तिला बघून थांबला, मग सगळेच थांबले.

"मोटर का बंद हाय?" ती म्हणाली.

नंदू धावत स्पीकरच्या वायरी तपासायला गेला.

"इनासच्या विहिरीची मोटर. तुमी मागच्या खोलीत प्रॅक्टिसला बसलात की चालू व्हायची. घूं घूं घूं. चुलीमागच्या भिंतीला हात लावला तरी कळायचं. तिच्याशिवाय तुमचं गानं कसं सुनं लागतं."

शेजारचा इनास बाकावरच बसला होता. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा रूफसकडे बघितलं.

"बाय," तो म्हणाला, "माझी मोटर तर सायमन शाळेत होता तवाच जळली. परत बसवलीच नाय."